मोडीतून घडवंचीवर : महाराष्ट्रातील घरगुती जलपात्रांचा संग्रह, वापर आणि इतिहास

सारांश

तांब्या, कळशी, घागर, हंडा, झारी, सुरई ही जलपात्रे महाराष्ट्रातील घरांतून झपाट्याने नाहीशी होत आहेत. काही मोडीत जातात, काही शोभेच्या वस्तू म्हणून दिवाणखान्यात येतात. या दोन्ही वाटांनी पात्राचा धातू टिकतो. मात्र त्याच्याशी निगडित असलेली माहिती पुसली जाते. घरगुती जलपात्र हे इतिहासाचे साधन आहे, त्याचा संग्रह आणि मर्यादित वापर या परस्परपूरक क्रिया आहेत आणि असा संग्रह करताना पाण्याभोवतीच्या सामाजिक विषमतेचा इतिहासही नोंदला पाहिजे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : जलपात्र, मोड, तांबट, कल्हई, संग्रह, पुरावशेष, भौतिक संस्कृती

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर दप्तरे, ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि बखरी येतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली कळशी सहसा डोळ्यांसमोर येत नाही. वस्तुतः मराठी भाषेने या पात्रांची नोंद इतिहासकारांच्या कितीतरी आधी घेतली आहे. निरर्थक उपदेशाला आपण ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणतो. आतून अडथळा आणणारा माणूस ‘झारीतील शुक्राचार्य’ ठरतो. देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला वृत्तपत्रे ‘गंगाजळी’ म्हणतात. हा शब्द मुळात गंगेचे पाणी जपून ठेवण्याच्या पात्राचा आहे. आणि एखादी गोष्ट निरुपयोगी ठरवून टाकून देणे म्हणजे ती ‘मोडीत काढणे’. जुने, फुटके भांडे वजनावर विकले की ती ‘मोड’ होते. भांड्याचे रूप, त्यावरील नाव, ते कोणी कोणाला दिले हे सारे तराजूत शून्य ठरते. उरते ते केवळ वजन.

प्रस्तुत लेखाचा विषय या ‘मोडी’च्या विरुद्ध दिशेने होणारा प्रवास हा आहे. पाण्याची भांडी ठेवण्याच्या तिवईला आपल्याकडे घडवंची म्हणतात. जुने पात्र मोडीच्या दुकानातून परत घडवंचीवर आणणे, म्हणजे ते जपणे आणि शक्य तेथे वापरणे, याला इतिहासाच्या दृष्टीने काय अर्थ आहे, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महाराष्ट्रातील जलपात्रांच्या परंपरेचा संक्षिप्त आढावा घेणे, (२) पात्राचा घाट, जोड, झीज व लेख यांचे साधन म्हणून मूल्य स्पष्ट करणे, (३) संग्रह व वापर यांसंबंधी व्यवहार्य दृष्टी मांडणे.

यासाठी प्रकाशित पुरातत्त्वीय व ऐतिहासिक माहितीचा आधार घेतला असून तिच्या जोडीला लेखिकेच्या स्वतःच्या घरातील पाच पात्रांचे निरीक्षण वापरले आहे. ती पात्रे अशी : पणजीचा पितळी तांब्या, एक तांब्याची कळशी, एक पितळी झारी, एक फिरकीचा तांब्या आणि एक लहान गडू. पाच पात्रांवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाहीत, याची जाणीव आहे. परंतु प्रश्न कसे विचारावेत हे दाखविण्यास ती पुरेशी आहेत.

३. तोटी आणि धार : प्राचीन पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पाणी ओतण्याच्या पात्राचा इतिहास तीन हजार वर्षांहून अधिक मागे जातो. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाऊ लागली. जोर्वे संस्कृतीच्या लाल रंगाच्या, काळ्या नक्षीच्या खापरांमध्ये नळीसारखी लांब तोटी असलेले पात्र हे ठळक वैशिष्ट्य आहे. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथेही ही परंपरा आढळते. याच वसाहतींत लहान मुलांचे दफन दोन घट तोंडाला तोंड लावून केलेले दिसते. जीवनाला पाणी पुरविणारा घटच मृत्यूनंतरचे घर होत असे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तोटीच्या पात्राला पुढे विधीमध्ये आणि कायद्यात स्थान मिळाले. दान देताना दात्याने पाण्याची धार सोडावी, म्हणजे दान पूर्ण झाले, अशी समजूत होती. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील भारहूतच्या स्तूपावर जेतवनाच्या दानाचे शिल्प आहे. त्यात अनाथपिंडक तोटीचे पात्र हातात घेऊन उभा आहे. हे शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. वामनाला दान देताना बळीच्या झारीच्या तोटीत शुक्राचार्य शिरून बसले आणि वामनाने दर्भाच्या काडीने त्यांचा एक डोळा फोडला, ही कथा याच विधीवर उभी आहे. धार अडली तर दान अपुरे राहते, म्हणूनच शुक्राचार्यांनी तोटी निवडली. जुन्या दानपत्रांत ‘उदकपूर्वक’ हा शब्द येतो आणि आजही आपण हक्कावर ‘पाणी सोडतो’. घरातील झारी पाहताना ती एके काळी व्यवहार पक्का करण्याचे साधन होती, याचे स्मरण ठेवणे उद्बोधक ठरते.

पात्रे दूरवरून येतही होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ मध्ये कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यातील पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी मूर्ती सुप्रसिद्ध आहे. परंतु त्याच साठ्यात रोमन बनावटीचे, ओतण्यासाठी वापरावयाचे कांस्यपात्रही होते, याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. सातवाहनकालीन कोल्हापुरात कोणाच्या तरी घरी परदेशी पात्र संग्रही होते, असे या साठ्यावरून म्हणता येते. तेव्हा दुसऱ्या देशाचे जुने पात्र हौसेने घरात ठेवणे ही केवळ आजची आवड नव्हे.

४. मध्ययुग : नव्या नावांचे आगमन

मध्ययुगात फारसी-अरबी संपर्कातून घाटांबरोबर शब्दही आले. लांब मानेची ‘सुरई’ आणि पाण्याचा ‘खुजा’ ही नावे त्या संपर्काची आहेत. राजवाड्यांत पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा ‘आबदारखाना’ हा स्वतंत्र विभाग असे. एकीकडे तांब्या, घागर, कळशी ही देशी नावे आणि दुसरीकडे सुरई, खुजा, तस्त ही आलेली नावे मराठी स्वयंपाकघरात शेजारी शेजारी नांदली.

याच काळात धातूतही बदल होत गेला. तांबे आणि कथील मिळून कांसे होते, तर तांबे आणि जस्त मिळून पितळ. राजस्थानातील झावर येथे जस्त ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढले जात होते. जस्त स्वतंत्रपणे उपलब्ध होणे ही पितळेच्या प्रसाराला अनुकूल गोष्ट होती. तांब्यापेक्षा पितळ ओतण्यास सुलभ व दिसण्यास सोन्यासारखे असल्याने घरगुती भांड्यांत त्याने मानाचे स्थान मिळविले. ‘तांब्या’ हा शब्द मात्र तांब्यावरून आला आणि पात्र पितळेचे झाले तरी नाव तेच राहिले. वस्तू बदलली तरी नाव जुने सत्य सांगत राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

५. घाट का असा? रूपामागील कारणे

जुन्या पात्राचा घाट हा सौंदर्यापेक्षा गरजेतून घडलेला असतो. घागरीचा गळा अरुंद असतो, कारण डोक्यावरून वा कमरेवरून नेताना पाणी डचमळून सांडू नये. तिचा काठ बाहेर वळलेला असतो, कारण विहिरीत सोडताना दोराचा फास त्याखाली अडकला पाहिजे. पोट गोल असते, कारण कमरेच्या वळणावर ते नीट बसते. हंडा रुंद असतो; तो भरून ठेवण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी असतो.

पाश्चात्त्य जगाच्या आणि आपल्या जलपात्रांत एक भेद चटकन दिसतो. तिकडील पात्राला बहुधा मूठ असते. आपल्या तांब्याला नसते. तांब्या गळ्याला बोटे गुंफून उचलला जातो. त्याचा फाकलेला काठ धार नेमकी पडावी यासाठी उपयोगी पडतो, कारण पाणी ओठ न लावता वरून पिण्याचा प्रघात होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ मध्ये तयार केलेल्या अहवालात भारतीय लोट्याचा मुद्दाम गौरव केला. अनेक पिढ्यांनी मिळून घडविलेल्या या वस्तूमागे किती बारीक विचार आहे, हे त्यांनी वाचकांच्या नजरेस आणले. त्या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. आधुनिक भारतीय अभिकल्पाच्या शिक्षणाचा प्रारंभ एका लोट्याच्या चिंतनाशी जोडलेला आहे, ही बाब महत्त्वाची आहे.

६. तांबट, पत्रा आणि नळ : एकोणिसावे शतक

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे या व्यवसायाचे जिवंत केंद्र. येथील त्वष्टा कासार समाजातील कारागीर कोकणातून पुण्यात आले. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवून त्याला बळकटी व चकाकी देण्याच्या त्यांच्या कामास ‘मठारकाम’ म्हणतात. ठोक्यांनी धातू दाटतो, कठीण होतो, आणि पृष्ठभागावर लहान लहान पैलू उमटतात. नाशिक, भंडारा ही ठिकाणेही भांड्यांसाठी ख्यात होती. १८८० मध्ये जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय कलाकौशल्यावर लिहिलेल्या ग्रंथात धातूच्या पात्रांची विस्ताराने दखल घेतली, आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्येही तांब्या-पितळेच्या कामाचे वर्णन आहे.

याच शतकात यंत्राने लाटलेला परदेशी पत्रा बाजारात आला आणि कारागिराच्या कामाचे स्वरूप पालटले. धातू आटवून, ठोकून पत्रा करण्याचे कष्ट कमी झाले. पण कच्च्या मालासाठी तो दूरच्या बाजारावर अवलंबून राहू लागला.

पाणी घरापर्यंत पोचण्याच्या पद्धतीतील बदल याहून खोल होता. मुंबईत विहार तलावाची योजना १८६० मध्ये पूर्ण झाली आणि नळाच्या पाण्याचे युग सुरू झाले. नळ दाराशी आला की पाणी वाहून नेणे संपते, साठविणे उरते. वाहून नेण्यासाठी घडलेली अरुंद गळ्याची घागर मागे पडून रुंद तोंडाची बादली व पिंप पुढे येतात. रेल्वेनेही एक पात्र लोकप्रिय केले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढील काळात लांबच्या प्रवासात स्वतःचे पाणी बरोबर नेण्यासाठी फिरकीचा तांब्या प्रवाशाचा सोबती झाला. आट्यांचे घट्ट झाकण असलेला हा तांब्या जुना घाट आणि नवे यंत्रयुग यांचा संगम आहे. बाहेरचे पाणी न पिण्याचा सोवळेपणा आणि गाडीने दूर जाण्याची नवी सोय ही दोन्ही त्याच्या एका झाकणात सामावली आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने हे चित्र पूर्णपणे बदलले. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही, त्यात ताक कळकत नाही. घरातील स्त्रियांचे श्रम त्यामुळे खरोखर वाचले, हे मान्य केले पाहिजे. पितळेची भांडी मोडीत देऊन त्या बदल्यात स्टील घेणे हा घराघरांतला व्यवहार झाला. जुन्या भांड्यांविषयी हळहळताना ती रोज घासणाऱ्या हातांचा विसर पडू नये.

७. पात्र हे साधन म्हणून

लेखिकेच्या घरातील पणजीच्या तांब्यावर काठाखाली ठिपक्यांनी नाव घातलेले आहे आणि पुढे ‘शके १८४९’ असे आहे, म्हणजे इ. स. १९२७-२८. भांड्यांवर नाव घालण्याची ही पद्धत महाराष्ट्रात सार्वत्रिक होती. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडून आणली जात, पंगतीनंतर ती ओळखून परत करावी लागत. त्यासाठी नाव उपयोगी पडे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने या ठिपक्यांचे मूल्य निराळे आहे. ज्या काळात स्त्रीच्या नावावर जमीन वा घर क्वचितच असे, त्या काळात तिच्या नावाची ही एक लिखित मालमत्ता होती. वाटणीपत्रांत कर्त्या पुरुषांची नावे येतात. भांड्यांवर स्त्रियांची येतात.

या तांब्याबाबत एक चूक नोंदविणे आवश्यक वाटते. दिवाळीपूर्वी तो काळवंडला म्हणून लेखिकेनेच एकदा बाजारात यंत्राने उजळून घेतला. तो परत आला तेव्हा लख्ख होता; पण पणजीच्या नावातील दोन अक्षरे झिजून पुसट झाली होती. तोपर्यंत त्या अक्षरांचे छायाचित्र घेतलेले नव्हते. मोडीच्या दुकानाने जे केले असते त्याचा थोडा भाग आपण स्वतः हौसेने केला, ही जाणीव या लेखामागील एक प्रेरणा आहे.

लेखाखेरीज पात्राची अन्य अंगेही बोलतात. घरातील कळशीच्या पोटावर आडवा, दातेरी जोड दिसतो. दोन भाग स्वतंत्र ठोकून, कडा दातांसारख्या एकमेकींत अडकवून, झाळ देऊन ते जोडलेले आहेत. यंत्राच्या साच्यावर फिरवून केलेल्या पात्रात असा जोड नसतो. त्याऐवजी आत एककेंद्री बारीक वलये दिसतात. ओतीव पात्राची जाडी असमान आणि वजन अधिक असते. ठोकीव पात्राच्या आतल्या बाजूस हातोडीच्या खुणा राहतात. तळाशी दिलेला डाग वा ठिगळ हे दारिद्र्याचे नव्हे, तर दुरुस्तीच्या संस्कृतीचे चिन्ह आहे. काठाची एकाच बाजूची झीज पात्र कोणत्या हाताने आणि कसे ओतले जात होते, हे सांगते. आतली कल्हई शिल्लक असेल तर त्यात पाण्याशिवाय अन्य पदार्थ ठेवला जात असावा, असा तर्क करता येतो. यांपैकी एकही खूण शोभेच्या दुकानात ‘जुने पितळ’ म्हणून ठेवलेल्या, लाखेचे रोगण चढविलेल्या पात्रावर सहसा वाचता येत नाही.

८. पाणी कोणाच्या हातचे? संग्रहाची नैतिक बाजू

जलपात्रांच्या संग्रहात एक मोठी उणीव अंगभूत असते. टिकते ते धातूचे, आणि धातू ज्यांना परवडला त्यांचे. माठ, रांजण, मडकी फुटली आणि त्यांच्याबरोबर बहुसंख्य समाजाच्या पाण्याचा इतिहासही खापरांत विखुरला. याहून गंभीर बाब अशी की, वरून धार धरून पाणी पिण्यास उपयुक्त असलेला तोच तांब्या, ज्यांना पाण्याला स्पर्श करू दिला जात नव्हता त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतण्यासाठीही वापरला जात होता. पात्राच्या सुंदर घाटात ही विषमता दिसत नाही. म्हणूनच ती लिहून ठेवावी लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले ते १०८ घागरींनी. त्या घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून त्या मंत्रोच्चारात तळ्यात बुडविण्यात आल्या. घागर हे पात्र येथे तहान भागविण्यासाठी नव्हे, तर माणसाला दूर ठेवण्यासाठी वापरले गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी शाळेतील शिपाई नसेल त्या दिवशी आपल्याला पाणी मिळत नसे, ही आठवण नोंदविली आहे; नळ आला तरी तो उघडण्याचा अधिकार आला नव्हता.

पणजीच्या तांब्यावरील शके १८४९ हे वर्ष महाडच्या तळ्यावरील सत्याग्रहानंतर काही दिवसांतच सुरू झाले आणि डिसेंबर १९२७ मधील महाडची दुसरी परिषद त्याच शकात भरली. हा तांब्या तेव्हा कोणाच्या ओंजळीत कसा रिकामा होत होता, याची आठवण घरात कोणी सांगितली नाही. संग्राहकाने अभिमानाबरोबर हे मौनही नोंदविले पाहिजे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

९. संग्राहकांची परंपरा आणि कायदा

घरगुती वस्तूंना संग्रहालयात स्थान मिळवून देण्याचे श्रेय महाराष्ट्रात दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांच्याकडे जाते. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा नित्य वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळविल्या. अल्पवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयास नाव दिले आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केला. अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये केवळ भांड्यांना वाहिलेले ‘विचार’ हे संग्रहालय उभारले. राजदरबारी पात्रांचे भव्य उदाहरण जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहे : महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनी १९०२ मध्ये इंग्लंडच्या राज्यारोहण समारंभाला जाताना गंगाजल नेण्यासाठी वापरलेल्या चांदीच्या प्रचंड गंगाजळी. त्यांपैकी प्रत्येकीचे वजन सुमारे ३४५ किलो आहे. केळकरांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी राजवाड्यातील गंगाजळीइतकीच सामान्य घरातील वस्तूही जपण्यायोग्य मानली.

कायद्याची बाजू संग्राहकास ठाऊक असावी. पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ अनुसार किमान शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू वा कारागिरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. भूमीत पुरलेले काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा शासनास कळविणे बंधनकारक आहे. पणजीचा तांब्या अद्याप शंभरीला पोचलेला नाही. तथापि, पात्राचे ऐतिहासिक मूल्य कायद्यातील वयोमर्यादेवर अवलंबून नसते.

१०. वापर : जपणुकीचे एक रूप

जुने पात्र वापरावे की केवळ ठेवावे, हा संग्राहकांपुढील नित्याचा प्रश्न आहे. वापराने झीज होते, हे खरे. परंतु वापर थांबला की त्या पात्राशी जोडलेली कृती, शब्द आणि कौशल्य विसरले जाते. कल्हईवाला दारावर येणे थांबले तेव्हा नवसागर आणि कथील यांचा तो धूर, तापलेल्या भांड्यात फिरणारा कापसाचा बोळा आणि क्षणात पसरणारी रुपेरी झाक यांची ओळखही नव्या पिढीला उरली नाही. पात्र हातात घेतल्याशिवाय मूठ नसलेला तांब्या कसा तोलावा हे पुस्तकातून कळत नाही.

वापर मात्र जाणतेपणाने हवा. तांब्याच्या पात्रात रात्रभर पाणी ठेवण्याच्या प्रथेला काही शास्त्रीय आधार मिळाला आहे. २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या एका प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जिवाणू नष्ट झाल्याचे आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहिल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष पाण्यापुरता आहे. ताक, लिंबू, चिंच, कोकम असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नयेत. ज्या पात्रावर शिशाच्या झाळीची दुरुस्ती असेल, किंवा ज्याच्या धातूविषयी शंका असेल, त्यातील पाणी पिऊ नये. त्यात फुले ठेवावीत, झाडांना पाणी घालावे.

या अनुभवावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. पात्र हाती येताच उजळण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे व लेखाची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. उंची, परीघ, वजन, जोडाचा प्रकार, दुरुस्तीच्या खुणा यांची नोंद करावी. ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले, कोण घासत असे, कोण पाणी भरत असे, कोणाला त्यातून पाणी मिळत नसे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. स्वच्छता चिंच व मऊ कापडाने करावी; यंत्राचे उजळकाम आणि रोगण टाळावे. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना घरातील एका पात्राची अशी नोंद करावयास सांगितले, तर अल्प खर्चात स्थानिक इतिहासाचे मोठे दप्तर तयार होऊ शकेल.

११. निष्कर्ष

(१) महाराष्ट्रातील घरगुती जलपात्रांची परंपरा जोर्वे संस्कृतीच्या तोटीच्या पात्रापासून फिरकीच्या तांब्यापर्यंत अखंड बदलत आली आहे, आणि प्रत्येक बदलामागे पाण्याची, धातूची वा प्रवासाची नवी व्यवस्था आहे.

(२) पात्रावरील नाव, जोड, झीज आणि दुरुस्ती ही लिखित दप्तरांत न सापडणारी, विशेषतः स्त्रियांच्या आणि कारागिरांच्या इतिहासाची साधने आहेत.

(३) मोडीचा बाजार पात्र नष्ट करतो. शोभेचा बाजार पात्र ठेवून त्याची स्मृती नष्ट करतो. दोहोंना उत्तर म्हणजे नोंदीसह केलेला संग्रह आणि विवेकाने केलेला वापर.

(४) हा संग्रह सामाजिक विषमतेच्या नोंदीशिवाय अपुरा आहे. पात्राचा अभिमान आणि पात्राचे उत्तरदायित्व ही दोन्ही एकाच वारशाची अंगे आहेत.

पणजीच्या नावातील पुसट झालेली दोन अक्षरे आता परत येणार नाहीत. तो तांब्या मात्र आज घडवंचीवर आहे, त्यात रोज पाणी भरले जाते, घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यातूनच ते दिले जाते, आणि त्याच्या शेजारच्या वहीत ते नाव पूर्ण लिहिलेले आहे.